त्याचा गोल, माझा माईक

मेक्सिकोतल्या एका फुटबॉलपटूविषयी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर तळाला सात-आठ ओळी छापून आल्या होत्या. आधी खेळला, मग संघांना शिकवलं, आता टीव्हीवर सामन्यांचं समालोचन करतो, आणि तिथले लोक त्याला रस्त्यात थांबवून कालच्या सामन्याबद्दल मत विचारतात. वाचून माझं डोकं फिरलं. या तिन्ही गोष्टी मीही केल्या होत्या, याच क्रमाने, नाशकात. मला रस्त्यात थांबवून लोक विचारायचे ते एवढंच, की सर, शनिवारी आमच्या गल्लीत टेनिस बॉलच्या मॅचेस आहेत, माईक सांभाळाल का.

मेक्सिकोशी माझं नातं तसं जुनं. नव्वदीच्या सुरुवातीला मी सातपूरच्या एका कारखान्याच्या संघात लेफ्ट विंगला खेळायचो. कारखान्याने दिलेल्या जर्सी पहिल्याच धुण्यात विटल्या, म्हणून आम्ही नाशकातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानातून हिरव्या जर्सी आणल्या. कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेल्या, सगळ्यांना दोन-दोन मापं मोठ्या. अमेरिकेत वर्ल्ड कप झाला तेव्हा मेक्सिकोचा संघ हिरव्या कपड्यांत लोकांनी टीव्हीवर पाहिला आणि आमच्या संघाचं नाव मेक्सिको पडलं. नाशिकरोडला नाहीतर देवळालीला सामना असला की पोरं बाहेरून ओरडायची, आलं बघा मेक्सिको. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी चांगला खेळायचो. हे आता मलाच सांगावं लागतं, कारण ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत नाही आणि ज्यांना आठवतं ते क्रिकेटविषयी बोलतात. माझा एक ठरलेला डाव होता. डाव्या पायाने क्रॉस मारतोय असं दाखवायचं, बॅक अडवायला झुकला की तोच चेंडू डाव्या पायाच्या तळव्याने स्वतःच्या उजव्या पायामागून आत ओढायचा आणि उजव्याने गोलात मारायचा. चार सामन्यांत एकदा जमायचा, पण जमला की समोरचा बॅक जमिनीवर बसलेला असायचा. माझ्या बायकोने माझा एकच सामना पाहिला आणि त्यात तो जमला नाही.

मग गुडघा गेला. समोरच्या बॅकची काही चूक नव्हती, तो नीट चेंडूवरच आला होता. मैदानात कबड्डीच्या मंडपाचे खांब रोवले होते, त्यांचे खड्डे कुणी बुजवले नव्हते, आणि माझा बूट त्यातल्या एकात अडकला. कुणीतरी गरम पाण्याने शेकायला सांगितलं. लिगामेंट हा शब्द माझ्या कानावर पडेपर्यंत दोन वर्षं गेली होती. तोवर कारखान्याने खेळाचा विभाग बंद करून आम्हाला कामाला लावलं होतं. मी स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसायचो आणि लोक विचारायचे, काय मेक्सिको, लंगडतोय का.

शिकवायला लागलो ते चडफडत. ड्यूटीच्या आधी, सकाळी दोन तास. मैदान आमच्या एकट्याचं कधीच नव्हतं. एका कोपऱ्यात योगासनं चालायची, मधोमध क्रिकेटची पीच, आणि कडेने एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी शिकाऊ लोकांना घेऊन घिरट्या घालायची. आईबाप यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे की याचे दहावीला मार्क मिळतात का. मिळत नाहीत म्हटलं की पोरगा पुढच्या सोमवारी क्रिकेटच्या पांढऱ्या पँटीत समोरच्या पीचवर दिसायचा.

शिकवण्याची माझी पद्धत मी माझ्या सरांकडूनच उचलली होती. चुकलं की झापायचं, जमलं की गप्प बसायचं. पोराला चांगलं खेळलास म्हटलं की ते शेफारतं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येतं, अशी आमची पक्की समजूत. माझ्या सरांनी मला सात वर्षांत एकदाही शाबासकी दिली नाही आणि मी त्यांना देव मानायचो. तेव्हा पद्धत बरोबर असणार, असा माझा हिशोब होता.

माईक मात्र माझ्या हातात अपघाताने आला. एका स्पर्धेचा समालोचक आयत्या वेळी आला नाही, संयोजकांनी मला पुढे केलं आणि माझा आवाज लोकांना आवडला. पाचेक वर्षांत मी जिल्हाभर फिरलो. नामपूरला कांद्याच्या हंगामानंतरची कबड्डी, सिडकोत गल्ली क्रिकेट, कुठे खो-खो. फुटबॉल वर्षातून दोनदा आला तर आला. आणि समालोचन म्हणजे काय, तर मान्यवरांचं स्वागत, मान्यवरांच्या भावाचं स्वागत, एमएच पंधरा टेम्पो गेटातून काढा, पाण्याच्या टाकीवर पोरांनी चढू नये. मधे वेळ मिळाला तर खेळ. या सगळ्याला मी कंटाळलो होतो, पण सोडवतही नव्हतं. माईकवर मी फार सढळ होतो. ज्याला धड पळता येत नाही त्यालाही मी चपळ म्हणायचो, ज्याने मंडपाला ताडपत्री दिली त्याला दानशूर म्हणायचो. त्यासाठीच तर बोलवायचे.

आता त्याच्याविषयी. नाव सांगत नाही, डावखुरा म्हणतो. पेठ तालुक्याच्या डोंगरातला, नाशकात वसतिगृहात राहून शिकणारा. घरी भात आणि नागली, आणि ती पिकं निघाली की सगळं घर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचं. पहिल्यांदा माझ्या मैदानावर आला तेव्हा आठवीत होता, पायात प्लास्टिकच्या चपला. चपला काढून त्याने चेंडू मारला आणि तो क्रिकेटवाल्यांच्या स्टंपावर जाऊन आदळला. क्रिकेटवाले भांडायला आले. मी त्यांच्याशी भांडलो आणि मग त्यालाही झापलं.

सहा वर्षं तो माझ्याकडे होता. बागांच्या कामाच्या दिवसांत तीन-तीन आठवडे गायब व्हायचा, परत आला की मी त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचो. तो सगळ्या मारायचा. माझा तो डाव मी त्याला शिकवला. मला चारात एकदा जमायचा, त्याला तिसऱ्या वर्षी तिनात दोनदा जमायला लागला. ज्या दिवशी तो सलग पाच वेळा जमला, त्या दिवशी मी त्याला म्हणालो की बुटाची नाडी नीट बांध.

एकोणिसाव्या वर्षी तो माझ्याकडे पत्र मागायला आला. मुंबईच्या एका सरकारी खात्याच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर आधी मानधनावर आणि पुढे नोकरीत. जिल्ह्यात त्याची नोंदणी माझ्या क्लबकडून होती, त्यामुळे माझं ना हरकत पत्र लागणार होतं. मी म्हणालो, हंगाम संपू दे, पुढच्या वर्षी बघू. तो दोनदा आला, तिसऱ्यांदा वसतिगृहाच्या गृहपालांना घेऊन आला. मी तेच सांगितलं. कारण दिलं की अजून कच्चा आहेस.

कच्चा वगैरे काही नव्हता. तो गेला की माझ्याकडे उरलं काय असतं, तर मार्कांची चौकशी करणारे आईबाप आणि नाडी बांधता न येणारी आठ पोरं. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी मान वर करून बसायचो ते एकट्या त्याच्या जिवावर. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. चाचणीची तारीख गेली, तो सकाळी मैदानावर येत राहिला आणि मला वाटलं, विषय संपला.

घोटीची स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी होती. भाताचं सगळं काम उरकलं, गिरण्या जरा सैल पडल्या की तिथे ही स्पर्धा व्हायची. गिरणीवाले देणगीदार, गोल करणाऱ्याला इंद्रायणी तांदळाची पिशवी. नियम असा, की खेळाडू इगतपुरी तालुक्यातलेच हवेत. आणि रीत अशी, की प्रत्येक संघात एखाद-दुसरा बाहेरचा असायचा, तालुक्यातल्या कुणाच्यातरी नावावर खेळायचा. ज्याचं नाव, तो भिवंडीला नाहीतर कल्याणला कामाला गेलेला. सगळ्यांना माहीत असायचं. समालोचकाने यादीतलं नाव वाचायचं आणि पुढे डोळे मिटून घ्यायचे, हे मला पहिल्याच वर्षी चहा पाजून समजावलं होतं. मी ते पाळतही आलो होतो.

अंतिम सामना घोटी आणि इगतपुरीचा. संघ मैदानात उतरले आणि घोटीच्या रांगेत डाव्या टोकाला मला माझा डावखुरा दिसला, आधीच्या सामन्यांत तो नव्हता. यादीत त्याच्या क्रमांकापुढे घोटीच्या कुण्या पोराचं नाव होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला काही उमजेना. तेवढ्यात स्पर्धेचे अध्यक्ष, एका गिरणीचे मालक, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले की गावचे जावई आलेत, त्यांचं स्वागत घ्या. जावई म्हणजे मुंबईच्या त्याच खात्याच्या संघाचे मॅनेजर. सासुरवाडीला आले होते, तर सामनाही पाहणार होते.

मग सगळं लक्षात आलं. मी पत्र दिलं नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या नावाने का होईना, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला आला होता. एकदा पसंत पडला की पुढचं नंतर बघता येईल, असं कुणीतरी त्याला सांगितलं असणार. आणि मला मात्र अवाक्षर सांगितलं नव्हतं. मला राग आला. सहा वर्षं मी घासलेला पोरगा, आणि मी त्याचा समालोचक म्हणून दुसऱ्याचं नाव वाचणार. मी जावईबापूंचं स्वागत केलं, अगदी भरभरून केलं.

पहिला हाफ कसा गेला हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तो दोनदा थांबवला. एकदा प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून चालू सामना थांबवून खेळाडूंशी हस्तांदोलन, आणि दुसऱ्यांदा त्या हस्तांदोलनाचा फोटो नीट आला नाही म्हणून. डावखुरा दोन्ही वेळा चेंडू घेऊन गोलाकडे निघालेला होता. मी माईकवर हसत हसत खेळ थांबवला आणि मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून बसले होते, हे मी पाहत होतो.

दुसऱ्या हाफमध्ये सामना बरोबरीत होता. थोडाच वेळ उरला होता. चेंडू डावीकडे त्याच्याकडे आला. त्याने क्रॉसचा आव आणला, इगतपुरीचा बॅक झुकला, आणि चेंडू त्याच्या उजव्या पायामागून आत आला. बॅक खाली बसला. मग एक दुसरा बॅक धावत आला, तर त्यालाही त्याने तोच डाव दाखवला, आणि तोही बसला. एकाच धावेत दोनदा हे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, करता येतं हेही मला माहीत नव्हतं. उजव्या पायाने त्याने चेंडू कोपऱ्यात घातला आणि सगळी घोटी उभी राहिली.

आणि मी उभा राहून माईकवर ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला अनेकांनी ऐकवलं. मी म्हणालो, "हा डाव माझा आहे. मी शिकवलाय. पेठच्या डोंगरातून आलेला माझा पोरगा, सहा वर्षं माझ्या हाताखाली, आणि आज तो माझ्यापेक्षा भारी खेळलाय. जिल्ह्यात असा लेफ्ट विंगर झालेला नाही."

चार कर्णे लावले होते, दोन मैदानावर आणि दोन बाजाराच्या बाजूला. पेठ हा शब्द तिथेही गेला असेल.

इगतपुरीचा कप्तान यादी घेऊन टेबलाशी आला. त्याच्या स्वतःच्या संघात नाशिकरोडचा एक जण होता, मी त्याला तिथे कितीदा खेळताना पाहिलेलं, पण त्याचं नाव कुणी माईकवर घेतलेलं नव्हतं. कप्तान शांतपणे म्हणाला की यादीत हा घोटीचा आहे आणि सर म्हणतात पेठचा, तर काय ते सांगा. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हवं होतं की मी चुकून बोललो म्हणावं. दोन वाक्यांचं काम होतं. ज्या तोंडाने इतकी वर्षं वाटेल ते खोटं कौतुक केलं, त्याच तोंडाला त्या वेळी एक खोटं सुचलं नाही.

डावखुरा स्वतःच टेबलाशी आला आणि म्हणाला, "मी पेठचाच हाय. सरांची काय चूक नाय."

गोल रद्द झाला, घोटीचा संघ बाद झाला, कप इगतपुरीला गेला. समितीने डावखुऱ्याला दोन वर्षं स्पर्धेत बंदी घातली आणि तसं जिल्हा संघटनेला कळवायचं ठरवलं. मी मॅनेजरांकडे गेलो, त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की पोरगा गुणी आहे, चूक माझी आहे, पत्र मीच अडवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की खेळतो उत्तम, पण आमचं सरकारी खातं आहे, दुसऱ्याच्या नावावर खेळताना सगळ्यांसमोर सापडलेला माणूस मी कुणाच्या पुढ्यात नेऊ. मग सासऱ्यांनी त्यांना जेवायला हाक मारली.

पुढे कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की तोंडातून निसटलं, आनंदाच्या भरात भान राहिलं नाही. बायकोला तेच सांगितलं, गृहपालांना तेच. पण ती वाक्यं नीट पाहिली तर माझा, माझ्या, माझ्यापेक्षा. गोल त्याने मारला आणि मला तो माझ्या नावावर हवा होता. खुर्चीतल्या त्या मॅनेजरांना कळायला हवं होतं, बाजारालाही कळायला हवं होतं. मला माझीच इतकी चीड दुसऱ्या कशाने आलेली नाही, गुडघ्याने नाही आणि कारखान्यानेही नाही.

संध्याकाळच्या आधी मी हायवेवर नाशिकच्या एसटीची वाट बघत उभा होतो. तोही तिथे आला. बूट एकमेकांना बांधून खांद्यावर टाकलेले, तोंड धुतलेलं. घोटीवाले चिडले होते, त्याला परत पोचवायला कुणी आलं नव्हतं. मला वाटलं आता हा बोलेल, दोन शिव्या देईल, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली.

मग त्याने विचारलं, "सर, माईकवर बोललात ते खरं होतं? तुमच्यापेक्षा भारी, ते."

मी हो म्हणालो.

"माईकवर तर तुम्ही सगळ्यांनाच भारी म्हणता. म्हणून विचारलं."

मी पुन्हा म्हणालो की हो, ते खरं होतं.

तो म्हणाला, "तुम्ही पत्र देत नव्हते, तवा मला वाटायचं मी मुंबईला चालण्यासारखा नायच. म्हणून मी मागणंबी सोडून दिलं. घोटीवाल्यांनी लय आग्रह केला म्हणून आलो. म्हटलं, ते साहेब तरी सांगतील, जमतं का नाय आपल्याला."

एसटी आली. गर्दी होती, तो आधी चढून मागे सरकला, मग मी चढलो. नाशिकपर्यंत तो कुठेतरी मागे उभा होता. मला जागा मिळाली, पण पत्र खरं कशासाठी अडवलं होतं ते मी वळून त्याला सांगितलं नाही, आणि सोमवारी सकाळी तो मैदानावर आला नाही.